सुईबाईंची पहाडी

ब्रह्मपुरीत खोली शोधत फिरत होते, तेव्हा तिसऱ्या घरच्या मालकीणबाईंनी मला दारातच चपला काढायला लावल्या. आत बोलावतायत असं समजून मी काढल्या, तर म्हणाल्या, "आत नोको येऊ. पाय वर कर."

दाराची चौकट धरून मी पाय वर केला. त्यांनी चष्मा नाकावर सरकवला, अंगठ्यानं माझा तळवा मधोमध दाबून पाहिला, टाच तपासली आणि विचारलं, "चालते?"

मला वाटलं, खोलीबद्दल विचारतायत. "हो, चालेल की."

"चालेल नाई. तू चालते का?"

"चालते."

"मंग ये."

खोली मी अजून पाहिलीही नव्हती.

मी साताऱ्याकडची. ब्रह्मपुरीच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायला तासिका तत्त्वावर लागले होते. झाडांची लॅटिन नावं मला पाठ होती. झाडं ओळखू येत नव्हती, पण ते कॉलेजात कोणी विचारत नाही. खालच्या खोलीत माझ्या आधीपासून पाटोळे सर राहत होते. ते आमच्याच कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचे, मूळचे सोलापूरचे. त्यांचे तळवे सपाट निघाले होते. बाईंनी त्यांना परत पाठवलं नाही, पण वरची हवेशीर खोली रिकामी असून खालची दिली, आणि तेव्हापासून त्या सरांशी जरा हळू आवाजात बोलायच्या, आजारातून उठलेल्या माणसाशी बोलतात तसं.

बाई निवृत्त नर्स. तीस वर्षं त्यांनी वैनगंगेच्या पलीकडे, गडचिरोलीच्या जंगलातल्या जांभळी गावच्या उपकेंद्रात काढली होती. उपकेंद्र पहाडीच्या अलीकडे आणि अर्धी गावं पलीकडे. मध्ये गाडीरस्ता नाही. लसीचा निळा डबा घेऊन चालत जायचं, पोरांना टोचायचं, चालत यायचं. तिकडची माणसं त्यांना सुईबाई म्हणायची. त्यांचं खरं नाव मी कोणाच्या तोंडून ऐकलं नाही. दारावरच्या पाटीवरसुद्धा नुसतं 'नर्स, सेवानिवृत्त' असं होतं आणि खाली 'कडी वाजवू नये, आवाज द्यावा'. नवरा होता. तो भंडाऱ्याला राहायचा आणि दिवाळीला यायचा. "त्याले बसाची सवय हाय," एवढंच बाई त्याच्याबद्दल सांगायच्या.

बुटक्या, काटक, घोट्याच्या वर खोचलेलं सुती पातळ आणि पायात शाळेतल्या पोरांचे पांढरे कॅनव्हासचे बूट. त्या बुटांना रोज संध्याकाळी ओट्यावर बसून खडू फासायच्या. बाजाराला निघाल्या आणि कोणी ओळखीच्यानं स्कूटर थांबवून "बसा ना बाई, सोडतो" म्हटलं, की त्यांचं उत्तर ठरलेलं: "नाई बाप्पा, मले घाई हाय." एसटी मात्र त्यांना चालायची. "एस्टी म्हंजे गाडी नोहे. सरकारी काम होय ते."

अंतर त्या गोळ्यांत मोजायच्या. तापाची गोळी घेतल्यावर ताप उतरायला जेवढा वेळ लागतो, तेवढं चालणं म्हणजे एक गोळी. भाजीबाजार अर्धी गोळी. स्टेशन एक गोळी. माझं कॉलेज पाऊण गोळी, पण परत येताना एक, कारण मी दमलेली असते. पाटोळे सरांनी एकदा त्यांना मीटर आणि सेकंद यांच्याविषयी काही सांगायचा प्रयत्न केला. बाईंनी ऐकून घेतलं आणि त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला.

फाटकातून कोणीही आत आलं, की पहिला प्रश्न: "टिटॅनसचं घेतलं का?" बाईंकडे आता सुई नव्हती, औषध नव्हतं, काही नव्हतं, पण दूधवाला फाटकात पाऊल टाकायचा नाही. भिंतीवरून हात लांब करून पातेल्यात दूध ओतायचा.

आणि त्या चालताना बोलायच्या. घरी बसल्या की तासन्‌तास गप्प, पण एकदा पाय उचलला की तोंड सुरू. पावलागणिक एक वाक्य. "चालताना तोंड बंद राह्यलं तं पाय जड होते," असं त्यांचं वैद्यकीय मत होतं. पहाटे पाचला बाई फिरायला निघाल्या की आमच्या गल्लीला घड्याळ लावावं लागायचं नाही.

अशा बाईंच्या मनात एक सल होता, आणि तो मनिरामभाऊंच्या भाषणाचा होता.

मनिरामभाऊ उपकेंद्रातले परिचर. पहाडीपलीकडच्या कोहकाटोल्याचे, गोंड. तीस वर्षं लसीचा डबा खांद्याला लावून ते पुढे चालायचे आणि मागून बाई. दोघं एकाच महिन्यात निवृत्त झाले, म्हणून निरोप समारंभही एकच झाला. बाईंबद्दल चार माणसं चांगलं बोलली: निष्ठा, सेवा, खडतर वाट, सगळं आलं. शेवटी मनिरामभाऊंना उभं केलं. ते आयुष्यात पहिल्यांदाच भाषण करत होते. माइककडे संशयानं पाहत ते म्हणाले, "बाई चांगल्या होत्या. रस्ता मले माहीत होता." आणि बसले.

सभा हसली. टाळ्या पडल्या. बाईंनी शाल-श्रीफळ घेतलं, घरी आल्या, आणि चार वर्षं ते वाक्य चघळत बसल्या.

"म्हंजे मले नवता का माहीत?" कणीक मळता मळता त्या मधेच विचारायच्या. "तीस वर्षं गेली मी त्या पहाडीवरून. डोळे बांधून जाईन."

दोघांची त्यानंतर भेट नव्हती. मग त्या वर्षी एप्रिलच्या शेवटी उपकेंद्रातल्या नव्या नर्सचा फोन आला. मनिरामभाऊंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, आता दुसऱ्याला ते तयार नाहीत. कोणाचं ऐकत नाहीत. बाई, तुम्ही येऊन सांगता का?

बाईंनी फोन ठेवला आणि आम्हा दोघांना ओट्यावर बोलावलं. "परवा सुट्टी हाय नं तुमाले? कोहकाटोल्याले जायचं हाय."

कोहकाटोल्याला दोन एसट्या बदलून, पहाडीला वळसा घालून जाता येत होतं. चार तासांचा प्रवास. पाटोळे सरांनी तसं सुचवलं.

"एस्टीनं?" बाईंनी त्यांच्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की सरांनी आपला तळवा ओट्याखाली लपवला. "त्याच्या दारात मी एस्टीनं उतरू? पहाडीवरून जाऊ. जांभळीपासून तीन गोळ्या, लय झालं तं चार."

सरांना मात्र आतून आनंद झाला असावा. कारण त्यांच्याकडे सामान होतं. कधीतरी हिमालयात जायचं म्हणून त्यांनी सगळं मागवून ठेवलं होतं: त्यांच्याहून उंच पाठपिशवी, दोन काठ्या, शिट्टी, होकायंत्र, आणि पाठपिशवीच्या आत बसणारी पाण्याची रबरी थैली, तिची नळी खांद्यावरून तोंडापर्यंत. आदल्या संध्याकाळी एसटीनं जांभळीला पोचून आम्ही उपकेंद्राच्या व्हरांड्यात झोपलो. पहाटे सर त्या अवतारात उभे राहिले. बाई त्यांच्याभोवती एक फेरी मारून आल्या, नळी बोटांत धरून पाहिली आणि मला म्हणाल्या, "सरांले आतापासूनच सलाईन लागली काऊन?"

बाईंचं स्वतःचं सामान म्हणजे लसीचा तोच जुना निळा डबा. उपकेंद्रानं तो निकालात काढला तेव्हा त्यांनी मागून घेतला होता. आत बर्फाच्या पिशव्यांमध्ये ताकाची बाटली. शिवाय पदराच्या गाठीत तीन कांदे. एक माझ्या ओढणीत बांधला, एक सरांच्या खिशात कोंबला. "ऊन लागत नाई. फेकजो नोका."

साडेपाचला आम्ही चढायला लागलो. बाई पुढे.

पहिला तास सुंदर गेला. मोहफुलं वेचून संपली होती आणि तेंदूपत्ता तोडायचा हंगाम लागायचा होता, म्हणून जंगलात चिटपाखरू नव्हतं. सागाची पानं पडून वाट झाकून गेलेली, पापडासारखी. पाय ठेवला की आवाज आणि आवाजानंतर घसरणं. बाई बोलत होत्या. या दगडावर अमक्या गावची बाळंतीण आणताना बाळ झालं. त्या वळणावर अस्वल भेटलं होतं. "मी बोलूनच राह्यली होती. त्यानं ऐकलं थोडा वेळ. मंग गेला. अस्वल माणसाले भेत नाई, बडबडीले भेते."

"किती राहिलं बाई?" सरांनी आठला विचारलं.

"एक गोळी."

नऊला मी विचारलं. "एक गोळी." साडेदहाला दोघांनी मिळून विचारलं. "काऊन सारखं सारखं इचारता? एक गोळी."

ऊन आता डोक्यावर नव्हतं, डोक्यात होतं. नाले आडवे येत होते, पण नाल्यांत फक्त वाळू आणि गोटे. दोन चढ झाले, तिसरा चढून वर गेलो तर पुढे चौथा. सरांनी मोबाइल काढला. पडद्यावर आम्ही म्हणजे एक निळा ठिपका होतो आणि बाकी सगळं हिरवं. सर बराच वेळ त्याच्याकडे बघून म्हणाले, "आपण जंगलात आहोत."

अकराच्या सुमाराला पांढऱ्याफटक सालीचं एक झाड दिसलं, पानं झडलेलं, उन्हात हाडासारखं उभं. मी त्याचं लॅटिन नाव सांगितलं. "कुल्लू," बाई म्हणाल्या. अर्ध्या तासानं तसंच एक झाड आलं. पुन्हा अर्ध्या तासानं आणखी एक. सरांनी खिशातला निळा रुमाल काढून त्या झाडाच्या फांदीला बांधला. शास्त्रज्ञ माणूस. पुढे अर्ध्या तासानं पांढरं झाड आलं, त्याला रुमाल नव्हता. आम्हाला एवढं हायसं वाटलं की आम्ही तिथं बसून ताक संपवलं.

त्याच्या पुढच्या झाडाला रुमाल होता.

सरांनी तो सोडला, घडी घातली, खिशात ठेवला. मी बाईंकडे पाहिलं. बाई पहिल्यांदाच गप्प उभ्या होत्या.

"बाई," मी म्हटलं, "आपण चुकलो का?"

"कोन म्हनते? रस्ता बराबर हाय. पहाडी जरा इकडं सरकली."

त्याच वेळी सरांच्या नळीतून पाण्याऐवजी फुस्स असा आवाज आला. त्यांनी पिशवी उतरवली. रबरी थैलीचं झाकण सैल राहिलं होतं. चार लिटर पाणी सकाळपासून थेंब थेंब गळून गेलं होतं. सरांची विजार मागून भिजून वाळली होती, पुन्हा भिजली होती. बाईंनी ती पाहिली, नर्सच्या नजरेनं, आणि माझ्या कानात म्हणाल्या, "मी सकाळीच पाह्यलं होतं. मले वाटलं, इचारू नये."

मग हसू आलं नाही. माझी बाटली संपली होती. ताक संपलं होतं. दुपारचे दोन वाजले होते, जीभ टाळूला चिकटली होती आणि उभं राहिलं की झाडं थोडी हलायची. सरांचे ओठ पांढरे पडले होते. त्यांनी शिट्टी वाजवायला घेतली, पण तोंडात ओल नसल्यामुळे ती वाजली नाही. मी घरच्यांचा विचार करायला लागले. पहाडीत वाट चुकलेली माणसं दोन-दोन दिवसांनी सापडतात, असं जांभळीत कोणीतरी बोलताना मी ऐकलं होतं. कशी सापडतात, ते ऐकायला थांबले नव्हते.

त्या वेळी बाईंनी जे केलं त्यामुळे आम्ही वाचलो, हे मी आधीच सांगून टाकते. त्या खाली नाल्यात उतरल्या. वळणावर एक जांभळाचं झाड होतं, त्याची मुळं काठातून बाहेर आलेली, आणि मुळांपाशी रानडुकरांनी वाळू उकरली होती. बाई तिथं गुडघ्यांवर बसल्या, डब्याचं झाकण घेतलं आणि खणायला लागल्या. "झिरा काढू. या दोघं. पोटाले जोर येऊ देऊ नोका, हातानं खना."

आम्ही खणलं. हातभर वाळू गरम, मग कोमट, मग गार, मग ओली. कोपरापर्यंत हात गेला तेव्हा तळाशी गढूळ पाणी झिरपायला लागलं. वाटीभर. मग दोन वाट्या. बाईंनी पहिलं पाणी उपसून टाकलं. सरांच्या तोंडून अस्फुट किंकाळी निघाली. दुसरंही टाकलं. तिसरं निवळ आलं. ते पदरातून गाळून त्यांनी ताकाच्या बाटलीत भरलं. मी हात पुढे केला.

बाईंनी बाटली मागे घेतली, कमरेच्या पिशवीतून एक छोटी कुपी काढली, बाटलीत थेंब टाकले, झाकण लावलं, हलवलं आणि मनगटावरचं घड्याळ पाहिलं.

"क्लोरीन टाकलं. अर्धा घंटा."

"बाई!"

"तीस मिनिटं. तीस वर्षं गावोगाव हेच सांगतलं मी. आता पहाडीत मोडू का?"

"बाई, मरू आम्ही," सर म्हणाले.

"तीस मिनिटांत कोनी मरत नाई. जुलाबानं मरते."

बाटली एका दगडावर ठेवली होती आणि आम्ही तिघं तिच्याभोवती बसलो होतो. मी आयुष्यात कुठल्याही वस्तूकडे इतका वेळ सलग पाहिलेलं नाही. तिच्यात प्रकाश होता. बाहेरून थेंब ओघळत होते. सर पुटपुटत होते. मला वाटलं देवाचं नाव घेतायत, पण ते सेकंद मोजत होते.

दहा मिनिटं झाली असतील. बाई बसलेल्या होत्या, म्हणजे गप्प असायला हव्या होत्या. पण त्या बोलल्या.

"पोरी, एक सांगू? मले रस्ता येत नाई."

आम्ही बाटलीवरची नजर काढली.

"सकाळपासून पाहून राह्यली मी. एक झाड ओळखीचं नाई, एक गोटा नाई. मी तीस वर्षं गेली इथून, पन मी रस्ता कदी पाह्यलाच नाई. मनिरामभाऊ पुढं चाले. मी बोलत बोलत मागून. खाली पाहून चाले मी, ठेचा लागते म्हनून. मी फक्त त्याच्या टाचा पाह्यल्या. टाचा म्हनशीन तं आताबी ओळखीन. डाव्या टाचेले उभी भेग होती. पन त्या टाचा पाह्यजे नं पुढं."

सर मोजायचे विसरले. त्यांनी पुन्हा एकपासून सुरू केलं, तेव्हा मात्र बाईंचा आवाज चढला. "एकपासून काऊन? घड्याळ हाय नं माझ्याजवळ! भौतिकशास्त्र शिकवता अना चौदा मिनिटं झाली ते समजत नाई?" त्या सरांना असं काही फैलावर घेऊ लागल्या, की दोन्ही काठांवरून आवाज परत आला. आपली फजिती सांगून झाल्यावर माणसाला दुसऱ्या कोणावर तरी ओरडायचं असतं.

त्या ओरडत असतानाच वरून पानं वाजली. मी दचकले, अस्वल आठवलं. पण काठावरून एक म्हातारा उतरला. उंच, सुकलेला, अंगात बनियन, कमरेला धोतर, खांद्यावर कुऱ्हाड. एक डोळा स्वच्छ, दुसऱ्यावर दुधाची साय. तो थेट खड्ड्याशी आला, ओंजळीनं पाणी घेतलं, घटाघटा प्यायला, तोंड पुसलं आणि म्हणाला, "जोहार, बाई."

"मनिरामभाऊ!" बाई उठल्या. "क्लोरीन?"

"तहान लागली होती."

"तुमी इथी कसे?"

"नव्या नर्सबाईनं निरोप पाठवला का तुमी पहाडीवरून येऊन राह्यल्या. दुपार झाली तरी नाई आल्या. मंग तुमचा आवाज आला." त्यांनी हातानं दूर पलीकडे दाखवलं. "मगापासून गावापर्यंत येत होता. बाया म्हने, कोनाचं भांडन सुरू हाय. मी म्हनलं, भांडन नोहे. सुईबाई वाट चुकली."

"मी नाई चुकली," बाई म्हणाल्या. आमच्यासमोर पाच मिनिटांपूर्वी कबूल केलेलं त्या विसरून गेल्या होत्या. "तुमाले तं सारा रस्ता माहीत होता नं? भाषन केलं होतं."

मनिरामभाऊंनी सायीच्या डोळ्याच्या बाजूनं मान वळवून त्यांच्याकडे चांगल्या डोळ्यानं पाहिलं. चेहरा अगदी गंभीर. "कायचा रस्ता बाई. मी तं तुमच्या आवाजावर चालत होतो. काटे आले का तुमी वरडत, मी वळत होतो. चढ लागला का तुमी देवाले बोलत, मी दुसरीकडून जात होतो."

"मंग गावात कसे पोचत होतो आपन?"

"पहाडी हाय बाई. उतरलं का कोनतं तरी गाव येते."

"ज्या गावाले जायचं होतं तेच?"

मनिरामभाऊंनी विचार केला. "कदी कदी."

बाई खाली बसल्या. तीस वर्षांच्या लसीकरणाचा नकाशा त्यांच्या डोळ्यांपुढे उलगडत असावा. "म्हनून त्या एका गावातली पोरं मले पाहून 'पुन्हा आली' म्हनून पळत होती!"

मनिरामभाऊ थट्टा करत होते की खरं सांगत होते, ते मला त्या दिवशी कळलं नाही, आजही सांगता येणार नाही. घड्याळात तीस मिनिटं झाली होती. बाईंनी मोजून आम्हाला पाणी दिलं, आधी सरांना. आणि मग भाऊ पुढे झाले. त्यांनी एकदाही खाली पाहिलं नाही, वर पाहिलं नाही. उजवीकडे वळले, एका खडकाला वळसा घातला, आणि खऱ्याखुऱ्या एका गोळीत कोहकाटोल्याची कौलं दिसली. बाई सगळा वेळ मागून बोलत होत्या.

भाऊंच्या अंगणात त्यांच्या बायकोनं आम्हाला पाणी दिलं, मग आंबील दिली. सरांनी बूट काढले. दोन्ही पायांना मिळून सात फोड आले होते आणि बाईंनी ते सगळे धुतले, पट्ट्या बांधल्या. मग विषय निघाला डोळ्याचा.

"एका डोळ्यानं सारंच दिसते," भाऊ म्हणाले. "दुसऱ्यानं पाहासारखं काय राह्यलं इथी?"

बाईंनी समजावलं, दटावलं, काचबिंदूची भीती घातली. भाऊ हो-हो करत होते आणि तयार होत नव्हते. खरी गोष्ट दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या बायकोनं चुलीपाशी सांगितली, हळू आवाजात. पहिल्या डोळ्याच्या वेळी आरोग्य खात्याच्या गाडीनं त्यांना शहरात नेऊन सोडलं. ऑपरेशन झालं. परत यायला स्टँड शोधत निघाले आणि दिवसभर शहरात फिरत राहिले. कोणाला विचारलं नाही. ज्या माणसाला आख्खं जंगल रस्ता विचारतं, त्यानं कोणाला विचारायचं? संध्याकाळी एका पानठेलेवाल्यानं हाताला धरून स्टँडवर आणून बसवलं. "हाताले धरून," त्या पुन्हा म्हणाल्या. तेव्हापासून ते शहराचं नाव काढू देत नाहीत.

बाई चुलीपाशी बराच वेळ बसल्या होत्या. मग उठून अंगणात आल्या. भाऊ खाटेवर दोरी वळत होते. सर आणि मी होतो, भाऊंची बायको होती, शेजारची दोन माणसं होती. चार वर्षं कणीक मळता मळता ज्या वाक्याशी त्या भांडत होत्या, ते मला माहीत होतं.

"मनिरामभाऊ," त्या म्हणाल्या, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "रस्ता तुमालेच माहीत होता. मले कदीच नवता. काल मी या लेकरांले मारलंच असतं. आता मी एकटी पहाडी ओलांडत नाई, अना एस्टीनं जात नाई. मले घरी सोडून द्या. ब्रह्मपुरीपर्यंत."

भाऊंचे हात थांबले. "ब्रह्मपुरीचा रस्ता मले येत नाई."

"तो मी दाखवते. पहाडी तुमची, ब्रह्मपुरी माझी."

शेजारचा एक माणूस हसला. भाऊंनी दोरी गुंडाळली, खाटेखाली ठेवली आणि कुऱ्हाड उचलली. "चला."

सर आणि मी एसटीनं निघालो. सर दोन्ही बसमध्ये पाय समोरच्या सीटवर ठेवून झोपले. दुपारी आम्ही घरी होतो. बाई आणि भाऊ त्या दिवशी आले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत. सर उपकेंद्रात फोन करत होते, मी फाटकात येरझाऱ्या घालत होते. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी गल्लीच्या टोकाकडून आवाज ऐकू आला आणि आमचा जीव भांड्यात पडला. पुढे भाऊ, मागे बाई, बूट मातीच्या रंगाचे. डब्यात तीन गावांतून मिळालेली चारोळी, मोहाचे लाडू आणि एक जिवंत कोंबडी.

"तीन दिवस, बाई?" मी विचारलं.

"रस्ता बराबर होता," बाई म्हणाल्या. "गावंच मधात आली."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या भाऊंना डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेल्या. ऑपरेशन चांगलं झालं. आठ दिवस भाऊ काळा चष्मा लावून आमच्या ओट्यावर बसून होते आणि बाई दर चार तासांनी ड्रॉप घालत होत्या. आठ दिवसांत भाऊंनी पाटोळे सरांना दोरी वळायला शिकवली आणि सरांनी भाऊंना होकायंत्र दाखवलं. भाऊंनी ते सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिलं. "सारखं एकीकडंच पाह्यते," म्हणाले आणि परत दिलं.

नवव्या दिवशी बाई त्यांना पोचवायला निघाल्या. एसटी स्टँडपर्यंत चालत, तिथून जांभळी, मग पहाडी. मी आणि सर निरोप द्यायला फाटकात उभे होतो. बाहेर पडल्याबरोबर बाई डावीकडे वळल्या आणि मनिरामभाऊ उजवीकडे. दहा पावलं जाऊन दोघं थांबले, मागे फिरले, फाटकासमोर पुन्हा एकत्र आले. बराच वेळ हातवारे झाले. काय ठरलं ते आम्हाला ऐकू आलं नाही, पण दोघांची समजूत पटलेली दिसत होती. मग दोघं सरळ समोर निघाले. समोर रस्ता नव्हता, राइस मिलचं आवार होतं. भाऊ पुढे, बाई मागून बोलत. मिलचा चौकीदार खुर्चीतून उठला, दोघांकडे पाहिलं, आणि काही न विचारता त्यानं मोठं फाटक उघडून धरलं.